जाळ्याच्या सुईने शिवलेली पुस्तकं

शाळेत मी मराठी शिकवते आणि ग्रंथालयही माझ्याच गळ्यात आहे. गेल्या पावसाळ्यात बांधणी सुटलेल्या पुस्तकांचा ढीग बघून वैतागले आणि किल्ल्या मुख्याध्यापकांना परत द्यायला निघाले. दारात आमचे शेजारी उभे होते, मासेमारी बोट चालवणारे तांडेल. बोट किनाऱ्यावर ओढलेली, हाताला काम नाही.

"बाई, नातीनं फाडलेलं शिवून आणलंय. बाकीची पण द्या."

किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या.

दर शनिवारी ते जाळ्याची सुई घेऊन यायचे. जाळं शिवताना ते पायाच्या अंगठ्यात ताणून धरायची सवय. पुस्तकालाही पाय लागायचा. मग जीभ चावून ते पुस्तक कपाळाला लावायचे आणि वर त्यालाच दटावायचे, "हलू नको मेल्या, तुझ्यामुळं पाय लागला!"

नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा बोट घेऊन समुद्रावर गेले. जाण्याआधी नातीला शिवण शिकवून सुई तिच्या हातात दिली होती. मला ते पुढच्या शनिवारी ती सुई घेऊन आली तेव्हाच कळलं.

आता शनिवारी ती आणि तिच्या मैत्रिणी पुस्तकं शिवतात. बाकावर बसून, हातात नीट धरून. पाय कुणाचाच लागत नाही. तरी मधेच एखादी मुलगी पुस्तक कपाळाला लावते आणि दटावते, "हलू नको मेल्या!"