कोपऱ्यावर थांबलेला रथ

आई गेली ती नेमकी रथाच्या दिवशी, दुपारी. देवीचा रथ बदलापूर गावातल्या आमच्या अरुंद आळीतूनच जातो, आणि रीत अशी की वाटेवरच्या घरात प्रेत असेल तर ते उचलेपर्यंत रथ हलत नाही.

रथ कोपऱ्यावर उभा होता. ढोल थांबले होते. आणि माझा भाऊ अजून पोहोचायचा होता. तो अंबरनाथ एमआयडीसीत ज्या कारखान्यात आहे, तिथे मोबाइल गेटवर जमा करावे लागतात. निरोप त्याला उशिराच मिळाला. रिक्षातून त्याचा फोन आला, "चेहरा झाकू नका. मी येतोय." थोड्या वेळाने पुन्हा आला, "रिक्षा पुढे सरकत नाहीये गं. सगळी रथाचीच गर्दी आहे."

उत्सव समितीचे म्हातारे काका उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले.

"ताय, मी बोलू नये. पन दिवेलागणीच्या आत देवी देवळात गेली पायजे. पोरगा मसनात बघंल ना तोंड."

"तिथे काय बघणार, काका?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, ही त्यांची जन्माची सवय. ते मला हळूच म्हणाले, "एवढ्या लोकांना थांबवायचं तरी किती?" ते आता हो म्हणतील, अशी मला भीती वाटली.

रथयात्रेचं मूळ मी पुस्तकांत शोधलं होतं. सूर्याचा रथ, राजाची मिरवणूक, असं बरंच काही सापडलं. आई ते ऐकून घ्यायची आणि स्वतःचंच सांगायची. गावात पटकीची साथ आली, माणसं देवळापर्यंत चालत जाईनात, म्हणून देवीला बैलगाडीत बसवून दारोदार नेलं. तोच पहिला रथ.

मी काकांना तेच सांगितलं. "तेव्हा घराघरात प्रेतं होती. देवी त्याच घरांसाठी निघाली होती ना? मग आज आमच्या दारावरून जायला तिला कसली अडचण? रथ जाऊ द्या. आम्ही थांबतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेली मानसं! आता देवीलाच शिकवतील."

काका हसले नाहीत. "माझी आयपन हेच सांगायची. पन रथ नाय हलवनार मी. उद्या गावात कुनाला ताप आला, तरी लोक मलाच धरतील."

ते वळून निघाले. उचलायला माणसं आणायलाच निघाले, असं मला वाटलं. मी आईच्या उशाशी जाऊन बसले. तेवढ्यात कोपऱ्यावरून त्यांचा आवाज आला, "दोर खाली ठेवा रे! पोरगा अडकलाय त्या माउलीचा. आधी त्याला वाट द्या, मंग बघू रथाचं!"

भाऊ धावत आला, कारखान्याच्या कपड्यांतच. जड बुटांच्या नाड्या त्याला सुटेनात. आत येऊन तो आईजवळ बसला, हात तिच्या गालाकडे नेला आणि मध्येच मागे घेतला. हाताला केमिकलचा वास होता. तो उठून मोरीत गेला. पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर सगळी आळी ताटकळत होती. साबण त्याच्या हातातून दोनदा निसटला.

बाबा मोरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"सावकाश धू," ते म्हणाले. "कसलीही घाई नाही."