तीनवर उचला

फौजेतून हवालदार म्हणून उतरलो तेव्हा वाटलं, आता हुकूम देणंही संपलं आणि ऐकणंही. पण सहा महिन्यांत माझं पुढचं पोस्टिंग निघालं. युनिट जव्हारचं भजनी मंडळ, काम घरं उभारणं, ठिकाण खोडाळ्यापुढचा एक पाडा. मे महिन्यातल्या वादळाने तिथली चार घरं आडवी केली होती. देवासमोर गाता तसे देवाच्या माणसांसाठी राबाही, असं मंडळात ठरलं. गुरुवारी भजन, शनिवार-रविवार बांधकाम. मी इंजिनिअर रेजिमेंटचा, पूल बांधणारा, म्हणून कमांड माझ्याकडे आली.

माझी सेक्शन पाहून मी कपाळावर हात मारला. कापडदुकानदार नाना, दोन रिटायर क्लार्क, एक बँकेचा शिपाई आणि पखवाज वाजवणारे वसंत गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊनही नऊ वर्षं झालेली. सकाळी ०७०० वाजता मी रांग लावायला 'फॉलिन' म्हणायचो आणि ही मंडळी चहाचं आधण ठेवायची.

"हवालदार, आधी घोटभर घ्या, मग रागवा," गुरुजी म्हणायचे. चहा बरा असायचा.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. तीस वर्षं एकत्र गाणारी ही माणसं ओझं उचलायला लागली की बघत राहावं. गुरुजी तोंडाने पखवाजाचे बोल म्हणत आणि समेवर, म्हणजे आवर्तन संपून पुन्हा पहिला 'धा' आला की, सगळे एकदम उचलत. आरडाओरडा नाही, कुणाचा हात मागे नाही. आमच्या प्लाटूनला हे जमायला वर्ष लागलं असतं. तेव्हा हे मी कुणाला बोललो नाही. फौजेचा ताठा होता अंगात.

तीन घरं झाली. चौथं लाडकीचं. तिचा नवरा वारलेला. ती, मुलगी आणि मुलीचं बावीस दिवसांचं बाळ शाळेच्या वर्गात राहत होती. सोमवारी शाळा उघडणार होती. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा जागेवर नुसत्या मेढी, म्हणजे खांब, उभ्या होत्या.

"शाला सोमवारी उघडल," लाडकी म्हणाली. "मंग आमी कठं जाव?"

"उद्या संध्याकाळी तुम्ही घरात असाल," मी सांगून टाकलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

दिवसभर दम घ्यायला फुरसत नव्हती. १६२५ वाजता आढं चढवायला घेतलं. आढं म्हणजे छपराच्या शिरावरचं आडवं लाकूड, सगळं छप्पर त्याच्यावर बसतं. जुन्या घरातलंच सागाचं होतं, वादळातून शाबूत राहिलेलं. ते परांचीपर्यंत आणलं होतं. आता एकदाच उचलून दोन मेढींच्या बेचक्यांत बसवायचं. एका टोकाला मंडळ, दुसऱ्या टोकाला पाड्यावरचे चार गडी. ठाण्याला साइटवर काम करणारे हे गडी त्याच दुपारी गावी आले होते. आभाळ भरून येत होतं आणि मला माझा शब्द टोचत होता.

गुरुजी बोल सुरू करणार तोच मी खालून म्हणालो, "गुरुजी, ते पुरे. आता माझ्या काउंटवर. तीनवर उचला."

"नको हो हवालदार, आमच्या हाताला सवय नाही."

"ऑर्डर आहे."

एक. दोन. तीन.

गड्यांनी तीनवर उचललं. मंडळ पुढच्या मात्रेची वाट बघत राहिलं. तीस वर्षं समेवर उचललेला हात तो, माझ्या एका हुकमाने कसा बदलणार? गड्यांचं टोक वर गेलं, मंडळाचं परांचीवरच राहिलं. लाकूड तिरकं होऊन घसरलं. त्या टोकाखाली लाडकी दोर धरून उभी होती. गुरुजींनी उजवा हात मध्ये घातला. हात लाकूड आणि मेढ यांच्यात सापडला.

ते ओरडले नाहीत. "सोडू नका. खाली बाई आहे," एवढंच म्हणाले. लाडकीला मी बाजूला ओढलं. त्यानंतर पुढची ऑर्डर मला सुचेना. चोवीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये असं कधी झालं नव्हतं.

शेवटी गुरुजींनीच बोल धरले. आवाज फाटलेला, लय पक्की. गड्यांना म्हणाले, "धा म्हटलं की उचला." धा आला. दोन्ही टोकं एकदम उठली, हात सुटला, आढं बेचक्यांत बसलं. माझ्या घड्याळात १६२९ झाले होते.

मोबाइलला रेंज शाळेमागच्या खडकावर. नानांचा पुतण्या जीप घेऊन रस्त्याला थांबला होता. त्याला फोन लावला.

"गाडी पाड्याखाली आण. कॅज्युअल्टी एक, उजवा हात. ओव्हर."

"ओव्हर राहू द्या काका, निघालो."

जव्हारहून त्यांना पुढे नाशिकला नेलं. दोन बोटं गेली, पखवाज सुटला.

रविवारी मंडळ न गाता राबलं. पत्रे चढले. पाड्यावरच्या बायकांनी कारवीच्या भिंती उभ्या करून लिंपल्या. १८१० वाजता लाडकी बाळाला घेऊन घरात गेली. शब्द मी पाळला, पण दुसऱ्याच्या हातावर.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा नाना हॉस्पिटलमध्ये ढसाढसा रडले. "आमचंच चुकलं गुरुजी, आम्ही उशिरा उचललं."

"कुणी चुकलं नाही," गुरुजी म्हणाले. "माझाच पाय घसरला."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं नाही. मंडळाच्या वहीत रिपोर्ट लिहिला, 'पाय घसरून अपघात'. फौजेत चूक झाली तर जवान पुढे येऊन सांगतो. मी सांगितलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर मंडळाने आसपासच्या पाड्यांवरही घरं उभी केली. गुरुजी प्रत्येक घराला आले. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून बोल म्हणायचे आणि माझ्यासकट सगळे समेवर उचलायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थांबलं.

देवळातल्या शोकसभेत नाना बोलायला उठले आणि पुन्हा तेच म्हणाले, आम्ही उशिरा उचललं. मग मात्र मला बसवेना. सावधानमध्ये उभा राहिलो.

"नाना, तुम्ही बरोबर होता. काउंट माझा होता. गुरुजी नको म्हणत होते, मी ऑर्डर दिली. त्यांचा हात माझ्यामुळे गेला."

गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, पुढेच बसल्या होत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी नाशिकलाच सांगितलं होतं. म्हणाले, हवालदाराला कुणी बोलू नका, तो खचला तर पुढची घरं राहतील."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं नाही.

"मोखाड्याची दोन घरं राहिलीत, म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "ती कधी धरताय?"

"या शनिवारी," मी म्हणालो.