गोधडीची आतली बाजू

सुनेनं काल गोधडी धुवायला भिजत घातली. भिजलेल्या जुन्या सुती कापडाला एक मातकट वास येतो. त्या वासासरशी पारनेरकडचं आमचं घर आठवलं, आणि ओसरीवर अंथरलेली दोन लुगडी.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर मिळायचं, तेही मिळालं तर. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. नव्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. थंडीच्या तोंडावर तिनं पेटीतलं आईचं हिरवं लुगडं काढून खाली अंथरलं, त्यावर जुन्या धोतरांच्या चिंध्या पसरल्या आणि सगळ्यांच्या वर आपलं लग्नातलं लाल लुगडं घातलं.

शेजारची सखूबाई टाके घालायला आली होती. ती म्हणाली, "बरं केलंस. सवत खाली, तू वर."

मावशीची सुई थांबली नाही. "पांघरल्यावर पोरांच्या अंगाला कोन लागतंय, ते बगा की," ती म्हणाली.

मी सहा-सात वर्षांची असेन. मला सखूबाईचं तेवढं कळलं. आईला खाली घातली, हे डोक्यात बसलं. मग त्या हिवाळ्यात मी रोज गोधडी उलटी करून, हिरवी बाजू वर घेऊन निजायचे.

सकाळी जाग यायची तेव्हा गोधडी कुणीतरी पुन्हा सुलटी करून नीट पांघरलेली असायची, हिरवी बाजू माझ्या अंगाला.