होडीवाल्याला दिलेलं उत्तर

एका लेखकाने मला फसवलं, आणि त्याचा माल मी माझ्या हाताने अख्ख्या सोसायटीत वाटला.

उलव्यात माझं लाद्यांचं दुकान आहे. गोदामातल्या फुटक्या पेट्यांमधून धड लाद्या वेचून विकण्यापासून सुरुवात केली, कोणाच्या भांडवलावर नाही. आजही पेटी उघडून, वरची नाही, मधली लादी हातात घेतल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, तेच नाव आहे, जुन्या फरशीला जोडून द्या. मी सांगते, नाव तेच असलं तरी लॉट नवा आहे, शेड जुळणार नाही, मग माझ्या नावाने ओरडायचं नाही. एवढं कळणाऱ्या बाईने पुस्तक न उघडता विकत घेतलं.

कारण एक जुनी कादंबरी. सासरी असताना गावच्या वाचनालयातून आणून ती मी चुलीपुढे बसून वाचली होती. शेवटच्या पानावर त्यातली बाई घर सोडून खाडीपलीकडे जायला होडीत बसते. होडीवाला विचारतो, "परत कधी?" ती समोरच्या काठाकडे बघत राहते. तिथेच कादंबरी संपते. उत्तर नाही.

सरकारने सासरची जमीन घेऊन बदल्यात दिलेला प्लॉट माझ्या नवऱ्याने मला न विचारता विकला आणि दारूत घातला. जाब विचारला तेव्हा हात उचलला. मी मुलीला घेऊन निघाले. एसटी स्टँडवर शेजारीण भेटली. "कवा येशील परत?" म्हणाली. मी गाडीच्या पाटीकडे बघत राहिले. तिथे कसं उभं राहायचं हे मला त्या पानाने शिकवलं होतं. माहेरच्या कोणी पाठीवर हात ठेवला नाही, पुस्तकातल्या त्या बाईने ठेवला.

नवरा जिवंत आहे म्हणून मला हळदीकुंकवाला बोलावतात. तेवढाच त्याचा उपयोग. यंदा संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटून कंटाळा आला होता. वाशीला पुस्तकांच्या प्रदर्शनात त्या कादंबरीचा पुढचा भाग दिसला. मूळ लेखिका केव्हाच गेल्या, हा आजचा कोणी लेखक, त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहिणारा. मुखपृष्ठावर तीच होडी. मी घासाघीस करून विक्रेत्याला नमवलं आणि त्याच्याकडच्या सगळ्या प्रती उचलल्या. जिने मला उभं केलं, तिची या बायकांशी ओळख व्हावी, एवढाच हेतू होता.

दुकानात माल उतरत होता म्हणून माझी प्रत तशीच पडून राहिली. एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बायका त्याच पुस्तकावर बोलत बसल्या होत्या.

"काय रडले मी," चौथ्या मजल्यावरची म्हणाली. "आजारी नवऱ्याला ती घास भरवते ना, तिथे."

"कोणाच्या नवऱ्याला?"

"अहो ताई, तुम्हीच वाटलंत आणि तुम्हीच वाचलं नाहीत? ती परत जाते."

आयटीत नोकरी करणारी एक मुलगी म्हणाली, "काकी, एकदम क्लोजर मिळतं. नाहीतर ती गेली कुठे, हे टेन्शनच राहिलं असतं ना."

जुनी कादंबरी वाचलेल्या एकच बाई तिथे होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी माणूस मऊ होतो. मला पटलं."

"तुम्ही व्हा मऊ," मी म्हटलं. "तिला कशाला करता?"

सगळ्या हसल्या. मी घरी येऊन पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर तीच होडी, तोच होडीवाला, तोच प्रश्न. आणि ती म्हणते, "येईन."

पुढच्या आठवड्यात नावड्याहून नणंद दुकानात आली. भावापायी तिच्याशी मी कधी भांडले नव्हते, हळदीकुंकवाला तिलाही बोलावलं होतं. माझा नवरा इतकी वर्षं तिच्याकडेच पडून असतो.

"वैनी, दादाची एक बाजू लकव्यानं गेली," ती म्हणाली. "माज्याच्यान आता व्हत नाय. तू ने त्याला."

"मी का?"

तिने पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. "तूच दिलंस ना? सुनेनी वाचून दाखवला मना. ती पन गेली ना परत. तिचा नवरा काय देव व्हता?"

"जुन्या पुस्तकात ती गेली नव्हती."

"जुना कोन वाचतंय आता?"

मी धंद्याची बाई, लगेच सौदा मांडला. त्याला बघायला माणूस ठेवते, औषधपाणी माझ्याकडे, पण तो राहील तुझ्याकडे. दुसरा कोणता दिवस असता तर तिने हे हात जोडून घेतलं असतं. तिची गरज काय आहे, ते मला दिसत होतं. पण ती मान हलवत राहिली.

"मानूस ठेवून काय व्हतंय, वैनी? ती बघ, सोताच्या हातानं भरवते."

माझ्या आधीच कोणीतरी माझ्या नावावर सौदा करून गेलं होतं. मी जे देत होते ते आता कमी ठरत होतं, कारण कादंबरीतल्या बाईने सगळंच देऊन टाकलं होतं. नणंदेच्या डोळ्यांत राग नव्हता. खात्री होती. एवढी वर्षं तिने मला कधी चुकीची म्हटलं नव्हतं, आता म्हणायला तिला पुस्तक मिळालं होतं, तेही माझ्याकडून.

"रविवारी येते," ती उठत म्हणाली. "तोवर ठरव." पुस्तक काउंटरवरच ठेवून गेली.

प्रस्तावनेत लेखक लिहितो, पुढे काय झालं असं वाचक सतत विचारत होते, म्हणून हे लिहिलं. कोण वाचक? मीही वाचकच आहे. मला पुढचं माहीत होतं. तो पुढचा भाग मी जगले, लाद्यांच्या पेट्या खांद्यावरून वाहून. मला कोणी विचारलं नाही.

माझं उत्तर रविवारीही "नाही" हेच असणार आहे. पण ते नणंदेला मी एकटीने का द्यावं? त्या लेखकाने उलव्याला यावं. खुर्ची देते, चहा देते. त्याने माझ्या काउंटरशी उभं राहून नणंदेच्या तोंडावर सांगावं, की होडीत बसलेल्या बाईच्या तोंडात "येईन" हा शब्द त्याने कोणाला विचारून घातला.