जिचं पोट, तिचं गाणं

सरकारी नोकरीत पगार साचत नाही, किस्से मात्र साचतात. तालुक्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून माझा जन्म गेला. शिक्षण सातवी नापास, पण अख्खा दवाखाना मला 'मामा' म्हणायचा, डॉक्टरसाहेबसुद्धा! आता रिटायर होऊन चहाच्या टपरीवर बसलो की पोरं म्हणतात, "मामा, थो टेपवाला किस्सा सांगा ना!" अरे बाबांनो, एक असेल तर सांगू!

कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्याकडं विष घेतलेली माणसं पुढच्या दारानं यायची, अडलेल्या बाया मागच्या दारानं. स्ट्रेचर एकच!

त्यात पुण्याचे नवे डॉक्टरसाहेब आले. कुठंतरी वाचून आले होते की संगीत ऐकलं की कळा सोसतात. स्वतःच्या खिशातून रेडिओवाला टेपरेकॉर्डर आणला. लेबर रूममध्ये पुरुषांना बंदी, म्हणून टेप ठेवला व्हरांड्यातल्या खिडकीत. वायर घेतली वरच्या पंख्याच्या बोर्डावरून. आतून ऑर्डर यायची, बाहेर मी बटण दाबायचो. बिनपगारी ऑपरेटर!

* * *

साहेबांची पहिली कॅसेट बासरीची. नुसती बासरी, तीही रडल्यासारखी. आत होती विमल, मारेगावकडची पोरगी, पहिलटकरीण. थोडा वेळ तिनं ऐकलं आणि कळा सोडून विचारते, "सिस्टर, कोण मेलं वं? मोठा नेता गेला काय?"

खोटं नाही! असलं संगीत आम्ही रेडिओवर फक्त दुखवट्यालाच ऐकलेलं. साहेब बासरीपेक्षा बारीक झाले!

इंगोले सिस्टरनं तिथंच कायदा केला, "जिचं पोट, तिचं गाणं! बाकीच्यांनी चूप बसायचं."

विमलनं लग्नातल्या बँडची कॅसेट मागितली. मी फुल आवाजात लावली. बाळ झालं, पण रडलं नाही. सिस्टरनं पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. नाहीच रडलं.

बँड मात्र कॅसेट संपेपर्यंत वाजत राहिला. बंद करायचं कोणाला सुचलंच नाही.

* * *

सिस्टरच्या कायद्यानं सासवांची फार पंचाईत केली. एक सासू खिडकीशी येऊन मला दम देते, "देवाचं भजन लाव. नातू देवमाणूस निघाला पायजे!"

आतून सून ओरडली, "मामा, सिनेमाचंच लावा! आत्याबाई, देव मागून येईल, आधी हिरो येऊ द्या!"

आली हिरोईन! सासूनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, जसं काही पोरगी मीच कॅसेटमधून काढली!

* * *

एकदा कापूस खरेदी केंद्रासमोरच्या रांगेतूनच एका बाईला उचलून आणलं. गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत. नवरा आला नाही, कारण गाडी सोडली की नंबर गेला.

मी विचारलं, "काय लावू वहिनी? भावगीत, लावणी, कव्वाली?"

"रेडिओ लावा. बाजारभाव सांगतेत आता."

लावला. निवेदक कापसावर आला आणि आतून अशी किंकाळी आली की सिस्टर हातमोजे घालत पळाली. "आलं काय वं डोकं?"

"डोकं नाही सिस्टर! भाव ऐकला!"

बाप कापूस विकून आला, तोवर पोरगी बाळसं धरून बसली होती. त्यानं तिला उचललं, जरा तोललं आणि मला म्हणतो, "मामा, कापसात ओल काढून भाव पाडला, तशी हिच्यात नाही ना काढणार कोणी?"

मी हसलो. तो नाही हसला.

* * *

विमल दुसऱ्यांदा आली. या खेपेला म्हणाली, "मामा, भजन लावा. बँडनं नजर लागली."

लावलं. ऐन वेळी लोडशेडिंग. पंखा थांबला, टेप थांबला, टाळ हवेतच राहिले. त्या शांततेत बाळ आलं. आणि शांतता तशीच राहिली.

मग लाइट आली. मी बटण दाबलेलंच होतं. भजन जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

* * *

आता खोडीचं सांगतो, नाहीतर म्हणाल मामा म्हातारा झाला. एक पोरगं जन्मलं, असं बोंबललं की वॉर्डातले सलाइनचे स्टँड हलले! मी साहेबांच्या बासरीच्या कॅसेटला वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि बासरीवर त्याचं रडणं भरून ठेवलं. दोन्ही बाजूंना!

पुढं एका सरपंचाची सून आली. सरपंच पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बाकावर. मी हळूच बटण दाबलं. सरपंच उठला ना! कंपाउंडर, झाडूवाली, बाहेरचा रिक्षावाला, सगळ्यांना पेढे!

तेवढ्यात सिस्टर दार उघडून म्हणते, "कायचे पेढे हो? अजून लय टाइम हाये!"

सरपंच ओरडला, "वापस करा रे पेढे!"

माझा चौथा तोंडात होता.

* * *

विमल तिसऱ्यांदा आली. सोबत फक्त माय. नवरा आलाच नव्हता. मायनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "जावईबापू म्हणले, आता रिकाम्या हातानं आली तं तिकडंच राह्यजो म्हणा. दुसरी पाहून राह्यले थे."

मी खिडकीतून विचारलं, "विमल, काय लावू?"

"गाणं नको, मामा. सरपंचाले ऐकवलं थे लावा." किस्सा तिच्या गावापर्यंत गेला होता!

"अवं, त्याचे पेढे द्या लागतेत!"

"देईन. लावा."

मी सिस्टरकडं पाहिलं. सिस्टर म्हणाली, "जिचं पोट तिचं गाणं. लाव."

लावलं. व्हरांडाभर लेकराचं रडणं. मायनं दोन्ही कान दाबून धरले, डोळे मिटले आणि भिंतीला टेकून खाली बसली. एक बाजू संपली, मी उलटवली. दुसरी संपली, पुन्हा उलटवली. आत विमल ओरडत होती, बाहेर माय डोलत होती.

बऱ्याच वेळानं मायनं कानावरचे हात काढले. रडणं चालूच! ती उठली आणि माझी कॉलरच धरली.

"बंद कर ना रे बाप्पा थे मशीन! माह्या लेकीच्या जिवाशी कायले खेळून राह्यला?"

मी वर बोट दाखवलं.

पंखा थांबलेला होता.