निळ्या खडूच्या बातम्या

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या मी शनिवारी झाडून काढतो. किस्से कसे झाडणार?

माझं दुकान रत्नागिरीच्या बाजारात. एक बाकडं, एक स्टूल, एक पेपर. बाकड्यावर निवृत्त शिक्षक, आमचे गुरुजी. स्टुलावर भाई, तीस वर्षं बोटीवर काढून आलेले. आणि मासे विकून परतताना दारात रिकामी पाटी टेकवून अर्धा तास बसणाऱ्या खाडीपलीकडच्या भाट्ये गावच्या सुलभाताई. भाई पेपर मोठ्याने वाचायचे आणि आम्ही तिघं मधे मधे बोलून त्यांना वाचू द्यायचो नाही. सरकारं आमच्याच दुकानात पडायची आणि बनायची!

नियम एकच. कोणी ऐकीव बातमी आणली की सुलभाताई विचारायच्या, "तुम्ही बघितलात काय?" नाही म्हटलं की मी निळ्या खडूने ती पेपरच्या कडेला लिहायचो. आम्ही त्याला कच्चा टाका म्हणायचो. स्वतः बघितलेला माणूस भेटेपर्यंत ती बातमी दुकानाबाहेर न्यायची नाही. भेटला की खडू पुसायचा. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

*

विधानसभेचा प्रचार चालू होता. गुरुजी धापा टाकत आले.

"आपला उमेदवार मुंबईला आयसीयूत! ग्रुपवर आलंय. पक्ष लपवतोय!"

मी मशीन थांबवलं. भाईंनी चष्मा काढला. सुलभाताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्ही बघितलात काय?"

"बघायला आता मुंबईला जाऊ?"

"मुंबईस कशाला? मगाशी माझ्याकडना सुरमई घेतलीन त्यानं. घासाघीस पण केलीन!"

भाईंनी चष्मा परत चढवला आणि म्हणाले, "वा! आयसीयूत हल्ली सुरमई देतात वाटतं!"

*

एकदा टीव्हीवाले जनतेचा कौल घ्यायला आले. गुरुजींनी पाणी, रस्ते, शाळा यांवर दहा मिनिटं सुरेख भाषण दिलं. कॅमेरावाला जांभया देत मागे मागे सरकला आणि थेट सुलभाताईंच्या पाटीत पाय घातला.

सुलभाताईंचं तोंड सुटलं! "डोळे फुटले काय रे मेल्या? पाच वर्षांनी एकदा येतस नि आमच्याच पोटावर पाय देतस!"

संध्याकाळी गुरुजी टीव्हीसमोर नवा शर्ट घालून बसले. गुरुजी कुठेच नव्हते. सुलभाताई मात्र पडदाभर, आणि खाली पट्टी, 'मच्छीमार महिलांचा सरकारवर संताप'!

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे कार्यकर्ते पुष्पगुच्छ घेऊन भाट्याला गेले. सुलभाताई आम्हाला सांगत होत्या, "मी त्यांना म्हटलं, बाबांनो, माझा राग पाटीचा. तर म्हणतात, ताई, तेवढं आता बोलू नका!"

*

मग पुलाचा व्हिडिओ आला. पालीजवळचा नवा पूल कोसळला म्हणे. गुरुजींनी तो चहा पिता पिता चाळीस जणांना पाठवला. "या लोकांना आता एक मत द्यायचं नाही!"

भाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला. अनेक देशांची बंदरं बघितलेला माणूस तो.

"गुरुजी, पालीला गाड्या उजव्या बाजूने कधीपासून धावायला लागल्या?"

गुरुजींनी बघितलं. पूल परदेशातला होता. मान लाल झाली त्यांची, पण माघार नाही.

"व्हिडिओ खोटा असेल भाई. माझा राग तर खरा आहे!"

आम्ही पोट धरून हसलो. आता आठवलं की हसू येत नाही. पुढे आम्हा सगळ्यांचेच राग असे खरे होत गेले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. भाई पेपर वाचायचे आणि आम्ही माना खाली घालून बसायचो. खडू ड्रॉवरमध्ये गेला.

*

गेल्या वर्षी भाई नगरपालिकेला अपक्ष उभे राहिले. चिन्ह मुद्दाम मागून घेतलं, शिवणयंत्र. "आपल्या दुकानाचं," म्हणाले.

मतदानाच्या सकाळी मेसेज आला. 'भाईंची माघार, पाठिंबा समोरच्या उमेदवाराला.' खाली फोटो. भाई हसत हसत त्या उमेदवाराचा हात हातात घेऊन उभे. मला फार लागलं. आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही! गुरुजींना दाखवलं, तेही चिडले.

भाईंचं घर मागच्या आळीत, दुकानापासून पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. मतदान केंद्रात शिवणयंत्राच्या चित्रापर्यंत बोट नेलं आणि रागाने दुसरंच बटण दाबलं.

भाई थोडक्यात पडले.

रात्री फोटो पुन्हा उघडला. भाईंच्या अंगातला निळा चेक्सचा शर्ट मीच शिवलेला, त्यांच्या पुतणीच्या लग्नासाठी, सहा वर्षांपूर्वी. पुढे पोट सुटलं म्हणून त्याला बाजूने पट्टी मी स्वतः जोडली होती. फोटोत पट्टी नव्हती! लग्नातला फोटो तो. उमेदवार तिथे जेवायला आलेला. जन्मभर शिलाई करून मला माझीच शिलाई वेळेवर दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी भाई दुकानाच्या पायरीपर्यंत आले. "टेलरमास्तर, बाकीच्यांचं सोड. तू तरी विचारायचं होतंस." एवढं बोलून गेले. स्टूल वर्षभर रिकामं राहिलं. गिऱ्हाईक त्यावर बसायला लागलं की मी म्हणायचो, जरा बाकड्यावर बसा. रोज वाटायचं, आज जाऊ. कोणत्या तोंडाने जाणार?

*

गेल्या आठवड्यात सकाळी गुरुजी आले ते रडतच. फोन पुढे केला. भाईंचा फोटो, भोवती हार. 'आमचे लाडके भाई यांचे दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांगच रांग.

आता कोणाची माफी मागणार? मी शटर ओढायला घेतलं. गुरुजी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला लागले.

पाटी टेकवता टेकवता सुलभाताई म्हणाल्या, "तुम्ही बघितलात काय?"

खडू ड्रॉवरमध्ये गेल्यापासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी अर्धं शटर तसंच टाकून धावत सुटलो. गळ्यात टेप, पायात चप्पल नाही.

भाई पडवीत बसून पेपर वाचत होते. मोठ्याने, एकटेच.

मी खांबाला धरून उभा. भाईंनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाच मिनिटांचा रस्ता. वर्षभर सापडला नाही तुला. मेलो म्हटल्यावर बरा सापडला!"

"भाई, चुकलं माझं," मी म्हटलं. मग डोळे पुसत विचारलं, "पण हे टाकलं तरी कोणी?"

भाईंनी पेपरचं पान उलटलं, बाजूची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "एक नाव कानावर आलंय. पण कच्चा टाका आहे. खडूने लिहून ठेव!"