मेहुण्याचे राखणदार

माझ्या मेहुण्याइतका पुढे यायला लाजणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात झाला नाही, आणि यापुढे होईलसं वाटत नाही. फोटो निघायचा म्हटलं की हा फोटोवाल्याच्या मागे. पंगत बसली की हा चुलाणापाशी, आचाऱ्याला जाळ कसा घालावा ते शिकवत. "दाजी, वाढपी सगळ्यांना दिसतो, आचारी कुनाला दिसतो का? पन तो नसला तर पत्रावळीवर काय वारा खानार?" हा त्याचा ठरलेला सवाल. ऐंशी सालानंतर, रसायनीला हा नोकरी करी त्या कारखान्यात कंप्युटर आला आणि देवानं याला नेमकं स्वभावाजोगं काम दिलं: पडद्यावर काही न दाखवता मागच्या मागे अखंड चालत राहणारे प्रोग्रॅम लिहायचे. एक टाक्यांचं तापमान नोंदवी, दुसरा ते छापायला धाडी. त्यांना हा 'राखणदार' म्हणे आणि घरच्या माणसांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त करी. जेवताना मध्येच हात थांबवून "माझा राखणदार जिता असंल ना?" म्हणाला, की आमची ही, म्हणजे त्याची सख्खी बहीण, कपाळाला हात लावी.

अशात माझ्या लेकीचं, सुमीचं लग्न ठरलं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि सुमीला मामा हा एकच. कारखान्यातले साहेब म्हणाले, "तू गेलास तर मशीन कोण बघणार? रजा नाही." सुमीनं जेवणच टाकलं! मग यानं राखणदारांवर आणखी एक प्रोग्रॅम मुकादम म्हणून बसवला. कुणी पडला की त्यानं उठवायचं. पण हा मुकादम मालकासारखाच काळजीखोर निघाला. आधीचा धडधाकट असतानाही तो नवेनवे उभे करत सुटला, आणि दुपारपर्यंत गर्दीनं मशीन गुदमरलं. साहेबांनी याची खरडपट्टी काढली. उपाय सुचला तो आमच्या चौक गावच्या घरी, दारात. "दाजी, दाराशी चपला दिसल्या की आत मानूस हाय! राखणदारानं शिरताना खूण ठेवायची, चपलेसारखी. मग दुसरा घुसनार नाय." काही दिवस बरे गेले. मग कारखान्यातली वीज जाऊन आली. मुकादम तेवढा उठला, त्यानं मागे राहिलेल्या चपला, म्हणजे त्या खुणा, बघितल्या आणि आत माणूस आहे असं समजून स्वस्थ बसला. आत कुणीच नव्हतं! "चपलांवर इस्वास ठेवला, तितंच चुकलो," मेहुणा म्हणाला. "हाक मारायला पायजे. ओ आली तरच मानूस हाय." तेवढ्या ओळी त्यानं घातल्या आणि साहेबांनी नाक मुरडत एका दिवसाची रजा दिली.

लग्नाला अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, आणि मांडवाशी कारखान्यातल्या शिपायाची स्कूटर येऊन थांबली. मेहुणा पांढराफटक पडला. शिपाई तिथूनच ओरडला, "लाईट जाऊन आली वो! तुमचं सगळं आपसूक उठलं. सायेब बोलले, निवांत जेवून या!" सुमीला वळून बघता येत नव्हतं. स्कूटर ऐकून मामा निघाला की काय, हे तिला कळेना. ती हळूच म्हणाली, "मामा?"

"हाय गं पोरी. मागंच हाय."

फोटोत त्याच्या फेट्याचं फक्त टोक आलं आहे. सुमी आता लांब नांदते. माहेरी येताना आधी रसायनीला मामाकडे उतरते. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, ओ यायला जरा वेळ लागतो. दाराशी त्याच्या चपला दिसत असल्या तरी ती हाक मारते, आणि ओ येईपर्यंत उंबऱ्यातच उभी राहते.